पिचरची कारकीर्द कशी वाचायची: क्लेटन कर्शॉचे अठरा हंगाम

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली बरीच मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात कुणाच्या तरी आग्रहाने बेसबॉलच्या सामन्याला जातात, तीन तास बसतात आणि परत येताना म्हणतात, "काही घडलंच नाही." धावफलकावर २-१ असतं, चौकार-षटकारांची सवय झालेल्या डोळ्यांना ते रिकामं वाटतं. खरं तर तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ तीनशे चेंडू टाकले गेलेले असतात आणि त्यातल्या प्रत्येकामागे काहीतरी डाव असतो. तो डाव मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, उभ्या असलेल्या माणसाचा, म्हणजे पिचरचा.

नियमांचं पुस्तक पाठ करून हा खेळ मला कळला नाही. एका पिचरचं बोट धरून त्याच्या निवडीपासून निवृत्तीपर्यंत चालत गेलो, तेव्हा नियम वाटेत भेटत गेले. तुम्हीही तसंच करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. सोबतीला मी लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर क्लेटन कर्शॉ घेतो आहे. त्याची कारकीर्द २०२५ मध्ये संपली, त्यामुळे ती पूर्ण समोर आहे. ती सगळी एकाच संघाकडून झाली. आणि या धंद्यात जे जे वाट्याला येतं ते सगळं तिच्यात आहे, अपयशसुद्धा.

पहिली पायरी: माउंडवर काय चाललंय ते ओळखा

पिचर उभा राहतो ती पांढरी पट्टी बॅटरच्या शेजारच्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असते. हे अंतर १८९३ पासून बदललेलं नाही. चेंडूला टप्पा नाही, म्हणून खेळपट्टीची मदत नाही. जे काही वळण द्यायचं ते हवेतच. स्ट्राइक झोन म्हणजे प्लेटच्या १७ इंच रुंदीवरचा, गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतचा अदृश्य चौकोन. त्यातून गेलेला किंवा बॅटरने फिरवून चुकवलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, बाहेरून गेलेला आणि बॅटरने सोडून दिलेला म्हणजे बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आऊट, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस (धाव पूर्ण करायला गाठायच्या टप्प्यांपैकी पहिला) फुकट. या फुकटच्या बेसला वॉक म्हणतात. पिचरच्या लेखी वॉक म्हणजे आपल्याकडच्या वाइडपेक्षा फार महागडी चूक.

नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आऊट, म्हणजे एका संघाला एकूण सत्तावीस आऊट मिळवायचे असतात. सुरुवात करणारा तो स्टार्टर. त्याच्यानंतर येणारे रिलीव्हर, आणि निसटती आघाडी राखायला अगदी शेवटी येतो तो क्लोजर. क्रिकेटच्या माणसाने एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी: इथे स्पेल नसतो. बदली केलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून मॅनेजर डगआउटमधून माउंडकडे चालत निघाला की सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघतं.

पहिल्या चार-पाच सामन्यांत एवढंच करा: प्रत्येक चेंडूनंतर किती बॉल, किती स्ट्राइक ते स्वतःशी मोजा. ३-० असताना पिचरला सरळ, झोनमधला चेंडू टाकणं भाग असतं. ०-२ असताना तो वाटेल तो सापळा लावू शकतो. हा फरक डोळ्यांना दिसायला लागला की अर्धा खेळ कळला असं समजा.

दुसरी पायरी: शिडी समजून घ्या

कर्शॉ डॅलसचा, जन्म १९ मार्च १९८८. शाळा संपता संपता २००६ च्या ड्राफ्टमध्ये डॉजर्सनी त्याला एकंदरीत सातव्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी. आयपीएलच्या लिलावासारखी बोली इथे नसते. संघ पाळीपाळीने नावं घेतात, आणि ज्याने नाव घेतलं त्याच्याशीच खेळाडूने बोलणी करायची. सही केली की बोनस मिळतो. कर्शॉला २३ लाख डॉलर मिळाले. अठरा वर्षांच्या मुलासाठी ही रक्कम प्रचंड आहे, पण बहुतेकांच्या हाती याचा लहानसा अंशच पडतो.

मग मायनर लीग. आज प्रत्येक मोठ्या संघाखाली चार पायऱ्या आहेत: सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि ट्रिपल ए. त्यांच्याही खाली नवख्यांच्या रूकी लीग. बसने रात्रभर प्रवास, छोट्या गावांतली मैदानं आणि बेताचा पगार. २०२३ च्या करारानंतर ट्रिपल एमधल्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर झाला, आणि त्याआधी तो याहून बराच कमी होता. वरच्या मेजर लीगमध्ये २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. मधली दरी केवढी आहे ते या दोन आकड्यांत दिसतं.

कर्शॉ ही शिडी दोन वर्षांत चढला. फ्लोरिडातली रूकी लीग, मिशिगनमधल्या मिडलंडचा ग्रेट लेक्स लून्स, मग डबल एमधला जॅक्सनव्हिल. २५ मे २००८ ला, विसाव्या वर्षी, तो डॉजर स्टेडियमच्या माउंडवर सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध उभा होता आणि समोर आलेला पहिलाच बॅटर त्याने तीन स्ट्राइकमध्ये परत पाठवला.

पण त्याच्यावरून शिडीचा अंदाज बांधू नका. निवडलेल्यांपैकी बहुतेक जण वर पोहोचतच नाहीत. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात झालेल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. अमेरिकन बेसबॉल संघाने व्यावसायिक करार केलेले ते पहिले भारतीय. २००९ मध्ये दोघंही रूकी लीगमध्ये खेळले. दिनेश पुढच्या वर्षी बाहेर पडला. रिंकू सिंगल एपर्यंत चढला, मग कोपराने घात केला. अवघ्या दीड-दोन वर्षांत हातात बेसबॉल धरायला शिकून तिथवर जाणं ही माझ्या मते फार मोठी झेप होती, आणि तिची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेली नाही.

कुठल्याही पिचरचं पान उघडाल तेव्हा मायनर लीगचा तक्ता आधी पाहा. तो कुठल्या पायरीवर किती काळ थांबला आणि कुठून परत खाली पाठवला गेला, यात त्याची बरीचशी हकिकत असते.

तिसरी पायरी: त्याच्या भात्यात किती बाण आहेत ते मोजा

सुरुवातीला चार नावं पुरेत. फास्टबॉल सरळ आणि वेगवान. कर्व्हबॉल हळू येतो आणि वरून खाली कोसळतो. स्लायडर वेगात येऊन शेवटच्या क्षणी बाजूला आणि खाली सरकतो. चेंजअप फास्टबॉलच्याच हाताने टाकलेला पण मंद, म्हणजे आपला स्लोअर वन.

कर्शॉ वर आला तेव्हा त्याच्याकडे मुख्यतः दोनच होते: ताशी १५० किलोमीटरच्या आसपासचा फास्टबॉल आणि त्याहून तीसेक किलोमीटर मंद असा देखणा कर्व्हबॉल. बॅटरना दोनच गोष्टींची तयारी करायची होती. चेंजअप त्याला काही केल्या वळेना. २००९ मध्ये त्याने स्लायडर हाती घेतला आणि तो त्याला वश झाला. फास्टबॉल आणि स्लायडर एकाच वाटेने येतात, फाटा फुटतो तो अगदी प्लेटजवळ. तोपर्यंत बॅटरने निर्णय घेतलेला असतो.

हे टीव्हीवर छान दिसतं, कारण कॅमेरा पिचरच्या पाठीमागे असतो. पण तुम्ही चेंडूकडे पाहू नका, कॅचरच्या, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाच्या, हातमोज्याकडे पाहा. त्याने मोजा कुठे धरला होता आणि चेंडू प्रत्यक्षात कुठे आला, हे अंतर म्हणजे त्या दिवशी पिचरचा हात किती ताब्यात आहे याचं माप. एका इनिंगभर हेच पाहिलंत तरी समालोचकाच्या आधी तुम्हाला कळेल की आज याचं काही खरं नाही.

चौथी पायरी: आकडे वाचा, पण योग्य क्रमाने

बेसबॉल-रेफरन्स या साइटवर कुठल्याही खेळाडूचा संपूर्ण तक्ता फुकट मिळतो. पहिल्यांदा उघडला की डोळे फिरतात. रकाने पन्नास असले तरी चारच धरा.

सर्वांत आधी इनिंग. १९८.१ असं लिहिलेलं दिसलं तर दशांश समजू नका. आपल्या षटकांच्या हिशेबासारखंच आहे ते: १९८ पूर्ण इनिंग आणि वर एक आऊट. पिचर किती टिकला, संघाचा त्याच्यावर किती भरवसा होता, हे या रकान्यात असतं.

मग ईआरए. पिचरच्या माथी मारता येतील अशा धावा, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून, गुणिले नऊ, भागिले इनिंग. २०१४ मध्ये कर्शॉने १९८.१ इनिंगमध्ये अशा ३९ धावा दिल्या. एकदा स्वतः करून पाहा: ३९ गुणिले ९ म्हणजे ३५१, भागिले १९८.३३, उत्तर १.७७. हाताने केलेला हिशेब विसरत नाही. ईआरए तीनच्या खाली असेल तर उत्तम, चारच्या आसपास साधारण, पाचच्या वर गेला तर नोकरी धोक्यात. अठरा हंगामांनंतर कर्शॉचा ईआरए २.५३ होता. १९२० नंतरच्या काळात किमान १,५०० इनिंग टाकलेल्या स्टार्टरमध्ये इतका कमी कुणाचाच नाही.

तिसरा आणि चौथा रकाना जोडीने वाचा: स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर मिळवलेले आऊट) आणि वॉक. २००९ मध्ये कर्शॉने १७१ इनिंगमध्ये ९१ वॉक दिले. नऊ इनिंगमागे जवळजवळ पाच. २०१४ मध्ये १९८.१ इनिंगमध्ये फक्त ३१, म्हणजे नऊ इनिंगमागे दीडसुद्धा नाही, आणि स्ट्राइकआऊट २३९. या पाच वर्षांत एक वेगवान मुलगा कसबी पिचर झाला, आणि ते घडताना या दोन रकान्यांत स्पष्ट दिसतं. कारकीर्द वाचायची म्हणजे हेच, वरून खाली वॉकच्या रकान्यावर बोट फिरवत जायचं.

विजय-पराजयाचा रकाना मात्र शेवटी बघा. तो तक्त्यात सुरुवातीलाच छापलेला असतो आणि नवख्याला हमखास फसवतो. २००९ मध्ये कर्शॉचा ईआरए २.७९ होता, तरी नावावर ८ विजय आणि ८ पराजय. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने २०१८ मध्ये १.७० असा अफाट ईआरए राखला, पण संघाने त्याच्यासाठी धावाच केल्या नाहीत: १० विजय, ९ पराजय. तरीही त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, म्हणजे मत देणाऱ्यांनाही हे उमगलं होतं. हा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो, सध्या मेजर लीगच्या दोन्ही भागांतल्या, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल लीगमधल्या, सर्वोत्तम पिचरला एक-एक. कर्शॉला तो तीनदा मिळाला: २०११, २०१३ आणि २०१४. शिवाय २०१४ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडूही ठरला. पिचरला हा मान क्वचित मिळतो.

पाचवी पायरी: करार

यात फार अडकू नका. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. साधारण तीन वर्षांनंतर पगारासाठी लवादाकडे जाता येतं, सहा वर्षांनंतर खेळाडू मोकळा होतो आणि कुठल्याही संघाशी बोलू शकतो. त्याला गमावायचं नसेल तर संघ त्याआधीच मोठा करार पुढे करतो. जानेवारी २०१४ मध्ये डॉजर्सनी कर्शॉला सात वर्षांसाठी २१.५ कोटी डॉलर दिले ते याच हिशेबाने. एखाद्या पिचरचं वय आणि सेवेची वर्षं शेजारी लिहिलीत, तर त्याच्या बदलीच्या बातम्या कधी सुरू होणार ते आधीच ओळखता येतं.

सहावी पायरी: हाताची कुंडली मांडा

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. पिचरच्या तक्त्यात एखाद्या वर्षी इनिंग अचानक निम्म्यावर आलेल्या दिसल्या तर तिथे थांबा आणि काय झालं होतं ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर कोपर किंवा खांदा असतं.

खांद्याच्या वरून पूर्ण ताकदीने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर भयंकर ताण येतो. तो फाटला की पूर्वी कारकीर्द संपायची. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्याच टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या दुसऱ्या हाताचा स्नायुबंध काढून त्या जागी बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष खेळ बंद, म्हणून तक्त्यात एक अख्खं वर्ष कोरं दिसलं की पहिला तर्क हाच करावा.

कर्शॉचं कोपर या शस्त्रक्रियेतून सुटलं. पाठ सुटली नाही: २०१६ मध्ये मणक्याच्या चकतीचं दुखणं निघालं आणि तेव्हापासून पाठ सांभाळतच तो खेळला. २०२३ च्या अखेरीस खांद्याची शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षअखेर गुडघ्याची आणि पायाची.

म्हणूनच स्टार्टर दर पाचव्या-सहाव्या दिवशी एकदाच खेळतो आणि शंभराच्या आसपास चेंडू झाले की त्याला उतरवतात. १३ एप्रिल २०२२ चा मिनियापोलिसचा सामना यासाठी जरूर पाहा. कर्शॉने सात इनिंगमध्ये एकवीसच्या एकवीस बॅटर बाद केले होते, त्यांपैकी तेरा स्ट्राइकआऊट, चेंडू फक्त ८०. उरलेले सहा आऊट मिळाले असते तर तो परफेक्ट गेम झाला असता. दीडशे वर्षांच्या इतिहासात असे सामने मोजकेच. पण मालकांच्या टाळेबंदीमुळे सराव तोकडा झाला होता, आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला थांबवलं. चाहते चिडले. मला तो निर्णय बरोबर वाटतो. तेव्हा चौतिशीत असलेला तो हात त्यानंतर आणखी साडेतीन वर्षं चालला.

(त्याचा स्वतःचा नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेला सामना, आधीच झाला होता: १८ जून २०१४, कोलोरॅडोविरुद्ध, १५ स्ट्राइकआऊट, एकही वॉक नाही. क्षेत्ररक्षकाच्या एका चुकीने एकच माणूस बेसवर पोहोचला, आणि तेवढ्यानेच परफेक्ट गेम हुकला.)

सातवी पायरी: ऑक्टोबर वेगळा वाचा

नियमित हंगाम १६२ सामन्यांचा असतो. त्यानंतर ऑक्टोबरातले बाद फेरीचे सामने, आणि त्यांचा तक्ता वेगळा छापतात. कर्शॉचा नियमित ईआरए २.५३, तर ऑक्टोबरातला साडेचारच्या आसपास. हा फरक त्याला वर्षानुवर्षं छळत राहिला.

२०१७ च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेतला, ह्यूस्टनचा पाचवा सामना: ४-० आघाडी हातची गेली आणि डॉजर्स १३-१२ ने हरले. त्या हंगामात ह्यूस्टनचा संघ घरच्या मैदानावर कॅमेऱ्याच्या मदतीने कॅचरच्या खुणा चोरत होता, हे लीगच्या चौकशीत २०२० मध्ये सिद्ध झालं. (आज कॅचर मनगटावर किंवा गुडघ्याजवळ बटणं दाबताना दिसतो. खुणा पोहोचवण्याचं ते यंत्र २०२२ मध्ये आलं.) पण २०१९ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्याने दोन होमरन (इथले षटकार) दिले, त्याला कुणाची चोरी कारण नव्हती. जिथे रिलीव्हर यायला हवा होता तिथे त्याला पाठवलं होतं. ऑक्टोबरातला आकडा वाचताना हे विचारत जा: किती दिवसांच्या विश्रांतीनंतर, कितव्या इनिंगमध्ये, कुणाच्या जागी?

मग २०२०. वर्ल्ड सिरीज टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला, त्याच्या गावाजवळच. टॅम्पा बेविरुद्ध पहिला आणि पाचवा सामना त्याने जिंकला आणि डॉजर्सना १९८८ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं. म्हणजे त्याच्या जन्मवर्षानंतरचं पहिलं.

आठवी पायरी: उतरणीचा काळ सोडू नका

नवखे वाचक शिखर पाहून पान बंद करतात. माझं म्हणणं उलट आहे: वेग गेल्यावर पिचर काय करतो, तिथेच त्याची खरी ओळख होते. २०२५ पर्यंत कर्शॉचा फास्टबॉल ताशी १४३ किलोमीटरच्या आसपास आला होता, आजच्या मेजर लीगमधल्या सर्वांत मंद फास्टबॉलपैकी एक. तरी त्या वर्षी त्याने ११ सामने जिंकले. जागा, वेगातला फरक आणि समोरच्याच्या मनाचा अंदाज, एवढ्यावर. २ जुलै २०२५ ला शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध त्या रात्रीच्या शंभराव्या चेंडूवर त्याने तीन हजारावा स्ट्राइकआऊट मिळवला. हा टप्पा गाठणारा तो विसावा पिचर, आणि डावखुऱ्यांत चौथा. अखेरचा आकडा ३,०५२.

आता तुमची पाळी. आज खेळत असलेला एखादा पिचर निवडा, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला. एक वही घ्या आणि तो ज्या दिवशी टाकेल त्या दिवशी एक ओळ लिहा: चेंडू किती, इनिंग किती, वॉक किती, कुठला चेंडू चालला. भारतातून पाहत असाल तर पश्चिम किनाऱ्यावरचे संघ निवडा. लॉस एंजेलिसमध्ये रात्री ७:१० ला सुरू झालेला सामना उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी ७:४० ला असतो, चहाबरोबर दोन-तीन इनिंग सहज होतात. न्यूयॉर्कच्या संघासाठी पहाटे साडेचारला उठावं लागेल.

आणि वहीत लिहायला सुरुवात करण्याआधी २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधला टोरँटोविरुद्धचा तिसरा सामना शोधून पाहा. आपल्याकडे ती २८ ऑक्टोबरची सकाळ होती. ५-५ बरोबरी, बारावी इनिंग, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले. बुलपेनचं, म्हणजे रिलीव्हर हात गरम करतात त्या जागेचं, दार उघडलं आणि निवृत्ती आधीच जाहीर केलेला सदतीस वर्षांचा कर्शॉ धावत आला. समोर नेथन लूक्स. मोजणी ३-२ पर्यंत गेली. पुढचा चेंडू बॉल झाला असता तर वॉकमुळे फुकटची धाव द्यावी लागणार होती. लूक्सच्या बॅटला लागून एक संथ, जमिनीलगतचा चेंडू दुसऱ्या बेसकडे गेला, आऊट, इनिंग संपली. अठराव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी तो सामना जिंकला. पाच दिवसांनी, सातव्या सामन्याच्या अकराव्या इनिंगमध्ये शेवटचा डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आऊट) होऊन ते विजेते ठरले, तेव्हा कर्शॉ बुलपेनमध्ये पुढच्या बॅटरसाठी हात गरम करत होता.